कायद्याची सीईटी: हातात दीड तास आणि मोजके पैसे

विधी शाखेच्या प्रवेश परीक्षेविषयी विचारणारी पत्रे दिवाळीनंतर दरवर्षीच वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी देवगड, गुहागर, मालवण, मुरूड अशा किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतून आली आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच आहे: शिकवणीची शहरे लांब, नोकरी किंवा घरचा व्याप सुटत नाही आणि खर्चाला हात आखडता घ्यावा लागतो. त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांचा असल्यामुळे त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातील चोवीस वर्षांची वाणिज्य पदवीधर असून एका पतसंस्थेत लिपिक आहे. मला तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी द्यायची आहे. शिकवणी वर्गाची फी माझ्या चार महिन्यांच्या पगाराइतकी आहे, त्यामुळे तो विचार सोडून दिला. एसटीच्या प्रवासात पाऊण तास आणि रात्री जेवणानंतर जेमतेम पाऊण तास मिळतो. मार्चपासून पतसंस्थेत वर्षअखेर आणि घरी आंब्याच्या पेट्या भरण्याचे काम एकदमच सुरू होते. आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. पुस्तकांवर दोन हजारांपेक्षा जास्त खर्च करणे जमणार नाही. एवढ्यात तयारी होईल का, आणि कशी करावी? — एक वाचक, देवगड

उत्तर: होईल. मात्र वेळ कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे लागेल, आणि त्यासाठी प्रश्नपत्रिकेची रचना नीट पाहावी लागेल. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा संगणकावर घेतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतो. त्यांत इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक अभिक्षमतेचे २४ आणि तर्कशक्तीचे २४ प्रश्न असतात. प्रश्न इंग्रजी व मराठी दोन्ही भाषांत दिलेले असतात; इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत असतो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा पूर्ण वाचावी, कारण प्रश्नांची संख्या पूर्वी १५० होती आणि ती अलीकडेच बदलली आहे.

हे आकडे पाहिले की एक गोष्ट ताबडतोब लक्षात येते. परीक्षा कायद्याची म्हणून विद्यार्थी सगळा वेळ कायद्याच्या जाड पुस्तकांत घालवतात. प्रत्यक्षात कायद्याचा विभाग एकूण गुणांच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे आणि इंग्रजीचा तिसऱ्या हिश्शाएवढा. मराठी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी ज्या विभागाला सर्वांत घाबरतात, तोच सर्वांत मोठा आहे. माझे स्पष्ट मत आहे की तुमच्या दीड तासातला मोठा वाटा पहिल्या दिवसापासून इंग्रजीला द्यावा, कारण कायद्याची तत्त्वे महिन्याभरात लक्षात राहतात, पण भाषा अंगवळणी पडायला रोजचे वाचन लागते आणि ते शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाही.

इंग्रजीत कुठे चुकते, हेही बहुतेकांच्या बाबतीत ठरलेले असते. मराठीत नामापूर्वी ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे लावावी लागत नाहीत आणि ‘वर’, ‘मध्ये’, ‘पासून’ ही शब्दयोगी अव्यये नामानंतर जोडली जातात; त्यामुळे वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत उपपदांची आणि शब्दयोगी अव्ययांची चूक आपल्या नजरेतून सहज निसटते. कर्त्याच्या वचनाप्रमाणे क्रियापद बदलणे आणि काळाचे नियम ही आणखी दोन ठिकाणे. या चार विषयांवरचे प्रश्न रोज वीस सोडवावेत. चुकलेले वाक्य दुरुस्त करून एका वहीत उतरवावे आणि दर रविवारी ती वही वाचावी. शब्दसंग्रहासाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्याच्या फंदात पडू नये. इंग्रजी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख एसटीत बसल्या बसल्या वाचावा, अडलेल्या शब्दांखाली रेघ मारावी आणि त्यांचा अर्थ उतरल्यावर पाहावा. पहिले पंधरा दिवस हे कष्टाचे वाटेल, पण तेवढ्यावरून सोडू नये.

चालू घडामोडींसाठी मासिकांचे गठ्ठे विकत घेण्याची गरज नाही. एखादी बातमी हाती आली की तिच्याशी जोडलेले प्रश्न आपणच काढण्याची सवय लावावी, मग तीच बातमी राज्यघटनेचा आणि भूगोलाचाही अभ्यास करून घेते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले, ही आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध असलेली बातमी घ्या. कोणते जिल्हे त्याच्या कक्षेत येतात? कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ते कोणत्या कायद्याखाली स्थापन झाले? राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६, कलम ५१(३). मुंबई उच्च न्यायालयाची इतर खंडपीठे कोठे आहेत? नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा. उच्च न्यायालयाची स्थापना केव्हा झाली? १८६२. प्रत्येक राज्यासाठी उच्च न्यायालय असावे असे घटनेचे कोणते अनुच्छेद सांगते? २१४. आणि उच्च न्यायालय कोणत्या अनुच्छेदाखाली प्राधिलेख (रिट) काढते? २२६, सर्वोच्च न्यायालयासाठी तोच अधिकार अनुच्छेद ३२ मध्ये आहे. एका बातमीतून सहा प्रश्न झाले, आणि ते विसरणे कठीण आहे. तसेच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांचे. त्यांतला विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात आहे. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि रायगड कोकणातलेच आहेत. आणि जिंजी तमिळनाडूत असल्यामुळे ‘यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा किल्ला कोणता’ हा प्रश्न त्यातून सहज तयार होतो.

आता कायद्याच्या विभागाकडे वळू. यात एखादे तत्त्व देऊन त्याखाली घटना सांगणारे प्रश्न येतात, आणि आधीचे ज्ञान कमी असूनही त्यांत पूर्ण गुण मिळवता येतात. नमुना म्हणून एक प्रश्न सविस्तर पाहू. तत्त्व असे: ‘अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो.’ घटना अशी: सतरा वर्षांच्या मुलाने, वडिलांच्या पश्चात नावावर आलेल्या हापूसच्या कलमांचा एका हंगामाचा आंबा दीड लाख रुपयांना देण्याचा लेखी करार व्यापाऱ्याशी केला. मुलगा थोराड दिसत होता आणि त्याने आपले वय एकोणीस सांगितले. पन्नास हजारांची उचलही घेतली. पुढे भाव वाढल्यावर त्याने आंबा दुसऱ्यालाच दिला आणि व्यापाऱ्याने करारभंगाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला. पर्याय असे: मुलाने वय खोटे सांगितल्यामुळे दावा मंजूर होईल, उचल स्वीकारल्यामुळे मंजूर होईल, मुलगा अज्ञान असल्यामुळे नामंजूर होईल, करार नोंदणीकृत नसल्यामुळे नामंजूर होईल.

बागायतीत वाढलेल्या कोणालाही मुलाचे वागणे खटकेल आणि पहिल्या दोन पर्यायांकडे मन ओढले जाईल. चौथा पर्याय जाणकारांना चकवतो, पण नोंदणीचा विचार तत्त्वात कुठेच नाही. बरोबर उत्तर तिसरे. दिलेल्या तत्त्वात वय खोटे सांगण्याचा अपवाद नाही, म्हणून तो आपण पदरचा घालायचा नाही. उचलीचे पैसे परत मिळतील का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो इथे विचारलेला नाही. विचारले आहे तेवढ्याचेच, दिलेल्या तत्त्वावरून उत्तर देणे ही या विभागातली खरी शिस्त आहे, आणि रोज पाच असे प्रश्न सोडवून प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे कारण वहीत एका ओळीत लिहिले तर ती दोन महिन्यांत येते. या तत्त्वामागचा आधारही सोबतच लक्षात ठेवावा: भारतीय संविदा (करार) अधिनियम, १८७२, कलम ११, आणि मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यातील प्रिव्ही कौन्सिलचा १९०३ चा निर्णय. थेट माहितीचे प्रश्नही या विभागात असतात. त्यांच्यासाठी राज्यघटनेतील मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे व महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या, संविदा कायद्याची पहिली तीस कलमे आणि अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणारे दिवाणी गैरकृत्य) कायद्यातील ठळक तत्त्वे एवढे नीट केले तरी मोठा भाग हाती येतो.

पुस्तकांच्या बाबतीत जुनी पुस्तके जरूर वापरावीत, पण निवडून. इंग्रजी व्याकरण, तर्कशक्ती, संविदा कायदा आणि अपकृत्य कायदा यांची पाच-सात वर्षांपूर्वीची पुस्तके चालतात. फौजदारी कायद्याचे जुने पुस्तक मात्र घरात ठेवणेही धोक्याचे आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तसेच फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. कलमांचे क्रमांक पार बदलले: खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ मध्ये गेले आणि फसवणुकीचे सर्वांना तोंडपाठ असलेले ४२० आता ३१८ मध्ये आहे. मूळ दंड संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. जुन्या पुस्तकावरून पाठ केलेले क्रमांक परीक्षेत आत्मविश्वासाने चुकीचे लिहिले जातात. अधिनियमांचे मूळ पाठ ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे ते विकत घेऊ नयेत. पैसे खर्च करायचेच तर सीईटीसाठीचे एक चालू वर्षाचे मार्गदर्शक आणि सराव प्रश्नपत्रिकांचा एक संच घ्यावा. हे दोन्ही तुमच्या दोन हजारांत बसून पैसे उरतील, आणि ते पैसे परीक्षेच्या प्रवासासाठी बाजूला ठेवावेत. वर्तमानपत्रांसाठी जवळचे सार्वजनिक वाचनालय धरावे. रत्नागिरीचे १८२८ सालचे जिल्हा नगर वाचनालय, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर अशी जुनी, भक्कम वाचनालये कोकणात आहेत आणि गावोगावच्या लहान वाचनालयांतही दैनिके येतात.

वेळापत्रक तुम्हीच पत्रात अर्धे सांगितले आहे. गेल्या काही वर्षांत ही परीक्षा मार्च ते मे या काळात झालेली आहे, म्हणजे नेमकी तुमच्या वर्षअखेरीत आणि आंब्याच्या हंगामात. तेव्हा तुमचा अभ्यासाचा खरा काळ तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचा आहे आणि शिमग्यानंतर नवे काहीही हाती घ्यायचे नाही, असे आताच धरून चालावे. तोवर एसटीतला वेळ वाचनाला आणि बातम्यांना द्यावा, रात्रीच्या पाऊण तासात आधी रोजचे व्याकरणाचे व कायद्याचे प्रश्न सोडवावेत आणि उरलेला वेळ तर्कशक्तीला द्यावा. जानेवारीपासून दर रविवारी सलग दोन तास बसून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि ती तपासायला सोडवण्याइतकाच वेळ द्यावा. कुणकेश्वरच्या यात्रेचे दिवस घरात पाहुणे असतात, हे ठाऊक आहे. त्या आठवड्यात एक प्रश्नपत्रिका बुडाली तरी चालेल, पण रोजचे इंग्रजी वाचन बुडू देऊ नये. शिमग्यानंतर चुकांची वही, घटनेची कलमे आणि ताज्या घडामोडी एवढेच वीस-पंचवीस मिनिटे चाळावे.

प्रत्यक्ष परीक्षेत इंग्रजीचे ४० प्रश्न पंचवीस मिनिटांत आणि सामान्य ज्ञानाचे ३२ पंधरा मिनिटांत संपवता आले, तर उरलेल्या ४८ प्रश्नांसाठी ऐंशी मिनिटे राहतात. सामान्य ज्ञानाचे उत्तर येत असेल तर लगेच येते. त्यावर विचार करत बसल्याने ते आठवत नाही. गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर संगणकावरील सराव चाचणी मिळते, ती मोबाइलवर न देता पतसंस्थेतील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर निदान दोनदा द्यावी.

शेवटी शुल्काबद्दल, कारण ते तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असला पाहिजे; संस्था स्तरावरील कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला, तसेच अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. म्हणजेच सीईटीतले तुमचे गुण तुम्हाला केवळ जागा मिळवून देत नाहीत, तर ती जागा जवळपास विनाशुल्क करतात.

प्रश्न: महोदय, माझी मुलगी रत्नागिरीत बारावी कला शाखेत आहे. तिला पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा आहे. शिक्षक म्हणतात क्लॅट द्यावी, शेजारचे वकील म्हणतात राज्याची सीईटी पुरे. दोन्हींचा खर्च आणि मेहनत झेपेल का? माझी गुहागरला छोटी वडापची गाडी आहे. — एक पालक, गुहागर

उत्तर: या दोन परीक्षा दिसतात तेवढ्या जवळच्या नाहीत. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाची परीक्षा असून ती अलीकडे डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या ऐन तोंडावर होते. ती कागदावर आणि केवळ इंग्रजीत असते, १२० प्रश्नांसाठी दोन तास मिळतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. सगळे प्रश्न साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर असतात. अर्जाचे शुल्क सर्वसाधारण गटासाठी चार हजार रुपये राहिलेले आहे. राज्याची सीईटी त्यामानाने स्वस्त आहे, तीत मराठीचा आधार आहे आणि चुकीची शिक्षा नाही.

तेव्हा निर्णय मुलीच्या वाचनावरून घ्यावा, लोकांच्या सल्ल्यावरून नव्हे. क्लॅटचे नमुना उतारे संघाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतले तीन उतारे तिला घड्याळ लावून सोडवायला सांगा. अर्थ लागत असेल आणि फक्त वेग कमी पडत असेल, तर क्लॅट जरूर द्यावी, कारण वेग सरावाने वाढतो. अर्थच लागत नसेल, तर या वर्षी ते चार हजार रुपये आणि डिसेंबरपर्यंतची सगळी ताकद तिकडे लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. ती बोर्ड आणि राज्याच्या सीईटीवर लावावी.

खर्चाचा विचार परीक्षेपुरता करू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्यातील तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत आणि तेथे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी राखीव जागाही आहेत, पण वसतिगृहासह वर्षाचा खर्च काही लाखांत जातो. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाची आखणी आधी करूनच तो विकल्प भरावा. याउलट राज्याच्या सीईटीतून मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय मिळू शकते. १८५५ मध्ये सुरू झालेले हे आशियातील सर्वांत जुने विधी महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये त्याचे प्राचार्य होते आणि त्याचे शुल्क आजही सामान्य कुटुंबाला परवडणारे आहे. तिथल्या जागेसाठी चुरस मोठी असते. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे आहे. घराजवळ राहायचे असेल तर रत्नागिरीत श्रीमान भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे, आणि अलिबाग व पनवेल येथेही विधी महाविद्यालये आहेत. कोणत्या महाविद्यालयात पाच वर्षांचा आणि कोणत्या तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, हे विकल्प भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या यादीत पाहून घ्यावे.

मुलीची क्लॅटची कुवत असून केवळ परिस्थिती आडवी येत असेल, तर प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आयडिया’ या संस्थेकडे जरूर चौकशी करावी. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या विद्यार्थ्यांना निवडून या परीक्षेसाठी तयार करणे आणि पुढील शिक्षणात त्यांची पाठराखण करणे हेच तिचे काम आहे.

प्रश्न: माझे वय त्रेचाळीस. मालवणला मच्छीमार सहकारी संस्थेत सचिव आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. आमच्या सभासदांचे परवान्यांचे, विम्याचे, नुकसानभरपाईचे तंटे पाहून कायदा शिकावासा वाटतो. या वयात आणि या पदवीवर सीईटी देता येईल का? नोकरी सोडावी लागेल का? — एक वाचक, मालवण

उत्तर: वयाची अट नाही. पदवीबाबत मात्र नियम नीट समजून घ्यावा, कारण आपल्या भागात मुक्त विद्यापीठाचे पदवीधर पुष्कळ आहेत आणि याच मुद्द्यावर घोटाळा होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी चालते. जी चालत नाही ती, आधीची मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी. तुम्ही दहावी आणि बारावी रीतसर उत्तीर्ण होऊन मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले असेल तर तुम्ही पात्र आहात. बारावी न करता पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमावरून थेट पदवीला गेला असाल, तर सीईटीत कितीही गुण मिळाले तरी कागदपत्रांच्या छाननीत अर्ज अडेल. पदवीला सर्वसाधारण गटासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण हवेत, हेही गुणपत्रिका काढून तपासावे.

नोकरीचे उत्तर थोडे अवघड आहे. एलएल.बी. पत्राद्वारे करता येत नाही आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के उपस्थितीचा नियम आहे. हजेरी सांभाळून घेऊ असे सांगणाऱ्यांच्या भरवशावर तीन वर्षे लावू नयेत. सकाळच्या सत्रात वर्ग भरवणारे महाविद्यालय जवळपास मिळाले आणि संस्थेने दुपारची वेळ मान्य केली, तरच नोकरी टिकवून शिक्षण होते. तेव्हा सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वी दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे: महाविद्यालयात वर्गाच्या वेळा विचारायला, आणि आपल्या संचालक मंडळाकडे. अभ्यासासाठी तुमच्या व्यवसायाचे वेळापत्रक उलटे पडते, कारण १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी परीक्षेनंतर येते. म्हणून तुम्हीही शिमग्यापूर्वीच मुख्य तयारी संपवावी. पहिल्या उत्तरातील आखणी तुम्हालाही लागू पडेल. फक्त इंग्रजीला तिच्यात सांगितल्यापेक्षा अधिक आणि कायद्याच्या विभागाला कमी वेळ द्यावा, कारण तंटे हाताळून आलेली समज तत्त्व आणि घटना जुळवताना तुमच्या कामी येईल.

प्रश्न: गेल्या वर्षी सीईटीत बरे गुण मिळूनही माझा प्रवेश झाला नाही. पुढे आणखी एक अर्ज असतो हे कळले तेव्हा मुदत संपली होती. या वर्षी काय काळजी घ्यावी? — एक वाचक, मुरूड-जंजिरा

उत्तर: असे दरवर्षी अनेकांचे होते आणि त्यात अभ्यासाचा काही दोष नसतो. सीईटीचा अर्ज हा परीक्षेचा अर्ज आहे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी स्वतंत्र नोंदणी करून, त्याचे शुल्क भरून कागदपत्रे चढवावी लागतात, छाननीत निघालेल्या त्रुटी मुदतीत दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यानंतर महाविद्यालयांचे विकल्प पसंतीक्रमाने भरावे लागतात. यांतली एक पायरी चुकली तरी गुण वाया जातात. विकल्प भरताना जाण्याची तयारी नसलेले महाविद्यालय यादीत घालू नये.

कागदपत्रांची तयारी अभ्यासाच्या आधी सुरू करावी. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र हे तहसील कार्यालयाशी संबंधित दाखले सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतात. त्यांची मुदत प्रवेशाच्या तारखेपर्यंत आहे का ते पाहावे. सर्वांत जास्त वेळ जातवैधता प्रमाणपत्राला लागतो. वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद हे जमवताना मूळ गाव दुसऱ्या तालुक्यात असले की महिना सहज जातो, म्हणून त्याचा अर्ज सीईटीच्या अर्जाची वाट न पाहता आताच करावा. आणि सायबर कॅफेत अर्ज भरताना कॅफेवाल्याचा ई-मेल किंवा मोबाइल क्रमांक देऊ नये. छाननीतील त्रुटीची सूचना आणि प्रत्येक फेरीची तारीख त्याच क्रमांकावर येते, तेव्हा तो क्रमांक स्वतःच्या नावावरचा, रेंज असलेल्या कंपनीचा आणि प्रवेश पूर्ण होईपर्यंत चालू राहणारा असावा.